सातही जणांना सारखी शिक्षा

शिवा,

लोक येतात, सतरंजीवर बसतात, चहा घेतात आणि तुझ्याबद्दल चांगलं बोलतात. मला त्याचा राग येतो. तू गेल्याला अजून महिना झाला नाही, आणि सगळ्या केज गावानं तुला देवमाणूस करून टाकलं. असा शिस्तीचा सर पुन्हा मिळायचा नाही, असं परवा ज्यांनी डोळे पुसत सांगितलं, तेच गेल्या वर्षी त्या आठवड्यात तुझ्या दारावरून मान वळवून जात होते. मी त्यांना चहा दिला. काही बोलले नाही. मला बोलायचं आहे ते तुझ्याशी, आणि तू तर बोलणं अर्धं ठेवून उठून गेलास.

मी तुला देवमाणूस म्हणणार नाही. मी तुझी थोरली बहीण आहे, तुझा हट्ट मी पाळण्यापासून बघितलाय. बाजार उठला की बाजारतळावर तुमचा हुतूतू चालायचा. मी कडेला तुझी चप्पल सांभाळत उभी. समोरच्याचं नुसतं बोट लागलेलं असायचं, कुणाच्या लक्षातही आलेलं नसायचं, आणि तू हात वर करून बाहेर यायचास. तुझीच पोरं तुला शिव्या घालायची. घरी येताना मी म्हणायची, "कावून सांगितलंस? कुणी बघितलं न्हवतं." तू म्हणायचास, "मला लागलं की, अक्का." त्यावर पुढं बोलायला जागाच नसायची. तुझं हेच मला आवडायचं नाही. तुझं म्हणणं खोडता यायचं नाही, आणि म्हणून ते पटलं असं तू धरून चालायचास.

माझा ओंकार कॉलेजात गेला आणि तुझ्या कबड्डीच्या संघात आला, तेव्हा पहिल्याच दिवशी तू त्याला बजावलंस, की मैदानावर मामा म्हणायचं नाही, सर म्हणायचं. तो घरी येऊन हसत होता. मला बरं वाटलं होतं. वाटलं, आपलं पोर आपल्याच माणसाच्या हाताखाली आहे, आता काळजी नाही. तीन वर्षांत तो कर्णधार झाला. त्याची चढाई बघायला बाजारातली माणसं दुकानं पोरांवर टाकून जायची. आमचे हे कधी कापडाच्या दुकानातून न उठणारे, तेसुद्धा जिल्ह्याचा सामना बघायला धारूरला गेले होते.

त्या दिवशी जिंकल्याचा फोन तूच केलास. तुझा आवाज बसला होता. "अक्का, आपलं पोर आज ऐकतच न्हवतं कुणाला," म्हणालास. मग सांगितलंस, की एका पोराचा गुडघा निखळलाय, त्याला घेऊन मी धारूरच्या दवाखान्यात थांबतो, बाकीच्यांना एसटीत बसवून दिलंय, तासाभरात पोचतील. हे तर गर्दी नको म्हणून सामना संपताच निघाले होते. मी कणीक मळायला घेतली.

पोरं तासाभरात आली नाहीत. आला तो ह्यांच्या ओळखीच्या माणसाचा निरोप, की एसटी सरळ पोलीस ठाण्यात नेलीय.

काय घडलं ते मला त्या संध्याकाळी निम्मंच कळलं. उरलेलं पुढं कळलं, आणि ते कुणी कळवलं त्यावर मी येतेच. धारूरच्या स्टँडवर पोरांनी थंड पेयाच्या बाटल्यांत दारू मिसळून घेतली होती. सगळ्यांनी नाही, सात जणांनी. त्यात ओंकार होता, ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांचा दत्ता होता. गाडीत मागच्या बाकांवर गाणी सुरू झाली, मग आरडाओरडा. कंडक्टर बाई होती, रेखा. ती तिकिटं काढत मागं आली आणि म्हणाली, गप बसा, गाडीत लेकुरवाळ्या बाया हायत. तेव्हा कुणीतरी तिच्या हातातलं तिकिटाचं मशीन काढून घेतलं. ते या हातातून त्या हातात फिरलं. ती मागं लागली. पोरं हसत होती. वळणावर ब्रेक लागला आणि ती बाकाच्या दांडीवर आपटून खाली पडली. मनगट मोडलं. ड्रायव्हरनं मग गाडी कुठंच थांबवली नाही.

आम्ही ठाण्यात पोचलो तेव्हा रेखा बाकावर बसली होती, हात ओढणीत बांधलेला. सातही जण भिंतीशी. ओंकारच्या जवळ गेले तर वास आला. मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या लेकराच्या तोंडाचा तो वास घेतला. पोरांचे बाप रेखाभोवती जमले होते. "पोरं हायत ताई, जिंकल्याच्या नादात झालं. गुन्हा लागला तर भरतीला उभं करणार न्हाई कुणी." ती कुणाकडं बघत नव्हती. एकदाच म्हणाली, "माझा उजवा हात हाय हा."

मग तू आलास. मोटारसायकल लावलीस, आत आलास. मला वाटलं आधी पोरांकडं जाशील. निदान भाच्याकडं. तू सरळ रेखासमोर गेलास आणि उभा राहिलास. तू म्हणालास, "ताई, तक्रार द्यायची का न्हाई ते तुमी ठरवा. कुणाचं ऐकू नका, माझंबी न्हाई. पण तक्रार दिली न्हाई, तरी ही पोरं वर्षभर खेळणार न्हाईत. हे मी तुमाला सांगून ठेवतो."

एका बापानं तुझा दंड धरला. "सर, काय बोलताव? आठ दिवसावर विभागाचे सामने आलेत." तू त्याचा हात बाजूला केलास. रागानं नाही, सावकाश. मी तुझ्याकडं बघत होते. तू माझ्याकडं बघितलं नाहीस.

रेखानं तक्रार दिली नाही. सकाळी तिनं निरोप पाठवला, की पोरांनी घरी येऊन माझ्यासमोर उभं राहावं, एवढंच. त्यात तू तुझी भर घातलीस. मैदानावर सगळ्यांच्या आईबापांना बोलावून सांगितलंस, की प्रत्येकानं रेखाताईकडं आपल्या आईला नाहीतर बापाला घेऊन जायचं. वर्षभर सातही जण संघात नाहीत. पण रोज पहाटे मैदानावर यायचं, जे खेळणार आहेत त्यांच्यासमोर सरावाला उभं राहायचं. ज्याला जमत नाही त्यानं यायचं बंद करावं. आणि शेवटी म्हणालास, "पोरांना एकटं पाठवलं ते मी. ते माझ्याकडं. मी ते प्राचार्यांना सांगून आलोय."

त्या दुपारी तू दुकानात आलास तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं. हे गल्ल्यावर होते. तू उभाच राहिलास. मी म्हणाले, "शिक्षा करू नको असं मी म्हणत न्हाई. सामने झाल्यावर कर."

"झाल्यावर काय करू, अक्का? खेळायचंच संपल्यावर खेळू नको म्हणू?"

"त्याचं शेवटचं वर्ष हाय. राज्यावर खेळला तर कागद हातात येतो. पोलिसात, रेल्वेत, कुठंबी चालतो तो कागद. तुला म्हाईत हाय."

"म्हाईत हाय."

"मग?"

"दारू प्यायला तेव्हा त्यालाबी म्हाईत होतं."

हे गल्ल्यावरून म्हणाले, "शिवा, भाचा हाय तुझा." तू म्हणालास, "म्हणून तर, भाऊजी. त्याला सोडलं तर बाकीच्या सहांना मी काय तोंड दाखवू?" आणि गेलास. पाणीसुद्धा घेतलं नाहीस.

त्या आठवड्याबद्दल आता कुणी बोलत नाही. चौकात पोरांचा मोठा फ्लेक्स लागला होता, जिल्हा विजेत्यांचं अभिनंदन, खाली संस्थेच्या अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो. एका सकाळी बघितलं तर त्यावरचा तुझाच फोटो फाडलेला. तुझ्या मोटारसायकलचं सीट कुणीतरी ब्लेडनं चिरलं. दुकानात बाया कापड बघता बघता मला विचारायच्या, "तुमच्या भावानंच असं करावं?" आणि मी मीटरपट्टीनं कापड मोजत राहायची. अध्यक्षांचा फोन ह्यांना दोनदा आला. तू अजून तासिकेवरच होतास, वर्षानुवर्षं, आणि कायम करण्याचा कागद त्यांच्या टेबलावर होता. हे त्यांनी फोनवर सरळ सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "तुमच्या मेहुण्याला समजावा, पुढं त्याच्याच कामाला येईल."

मी तुला ते सांगितलं. तू म्हणालास, "म्हाईत हाय." तेव्हा तुझं तेवढंच उत्तर होतं सगळ्याला.

आता रेखाच्या घरी काय झालं ते. तू मला ते कधी विचारलं नाहीस. मी सांगितलंही नाही.

मी आणि ओंकार संध्याकाळी गेलो. दोन खोल्यांचं घर. तिची सासू ज्वारी निवडत होती. रेखा पलंगावर बसली होती, हात प्लास्टरमध्ये. तिनं आम्हाला बसा म्हटलं नाही. ओंकार म्हणाला, "सॉरी, मावशी."

ती म्हणाली, "सॉरी नको. काय केलंस ते सांग."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मला त्यानं सांगितलं होतं, की मी नुसता मागं बसलो होतो. आणि मी ते धरून होते. तुझ्याशी भांडताना माझं सगळं बळ तेच होतं.

"मशीन मी धरलं होतं," तो म्हणाला. "वर. तुमचा हात पुरू नये म्हणून."

"आणि?"

"आणि हसत होतो."

"आणि काय म्हणलास मला?"

सासूचा हात ज्वारीत थांबला. रेखा म्हणाली, "सांग की. भरल्या गाडीत म्हणलास. आता आईसमोर म्हण."

त्यानं तो शब्द उच्चारला. हळू आवाजात, खाली बघून. तो मी इथं लिहिणार नाही. माझ्या पोराच्या तोंडून तो मी ऐकला, आणि माझ्या वयाच्या बाईला उद्देशून ऐकला. माझे कान तापले.

रेखानं प्लास्टरचा हात मांडीवर नीट ठेवला. मग म्हणाली, "बरं. जा आता." माफ केलं म्हणाली नाही. आम्ही बाहेर आलो, चपला घातल्या. मला ओंकारचा राग आला होता, पण त्याहून जास्त तुझा आला होता. आईला नाहीतर बापाला घेऊन जा, असं तू सांगितलंस तेव्हा हे तुला कळलेलं होतं. कुठल्याही आईला जे ऐकू येऊ नये, ते तू मला मुद्दाम ऐकायला पाठवलंस. तुझ्या जागी दुसरा सर असता तर मी म्हणाले असते, बरोबर केलं. पण तू माझा भाऊ होतास, शिवा. निदान आधी एकदा येऊन म्हणायचंस, की अक्का, मन घट्ट करून जा.

विभागाच्या सामन्यांसाठी संभाजीनगरला निघायच्या सकाळी कॉलेजच्या फाटकाशी सगळा गाव जमला होता. तू पाच जुनी पोरं, त्यात एकाचा गुडघा बांधलेला, आणि पहिल्या वर्षाची काही पोरं असा संघ केला होतास. जीप उभी होती. तेवढ्यात अध्यक्ष आले, आणि त्यांच्या गाडीतून ओंकार उतरला. अंगात संघाचा पोशाख, खांद्याला पिशवी. ह्यांनी त्याला पाठवलं होतं, मला न सांगता. मी तर तू निघणार म्हणून दशम्या घेऊन आले होते.

अध्यक्ष तुला म्हणाले, "सगळे न्हाई, एक कर्णधार तेवढा जाऊ द्या. गावाच्या इज्जतीचा सवाल हाय." आणि ओंकारला म्हणाले, "बस रे."

तो जीपमध्ये चढून बसला. त्याच्या शेजारच्या पोरानं सरकून जागा दिली. फाटकाशी कुणीतरी टाळी वाजवली, मग दोनचार जणांनी वाजवल्या. तू जीपच्या दाराशी होतास, एक हात दांडीवर. तू ओंकारला उतर म्हणाला नाहीस. अध्यक्षांना म्हणालास, "साहेब, हा बसला तर मी येत न्हाई."

"नका येऊ. दुसरा माणूस देतो."

"द्या," तू म्हणालास. आणि दांडीवरचा हात काढलास.

त्या क्षणी मला कळलं, की तुझी नोकरी गेली. तुझी बायको सुनीता माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की दुखलं. अध्यक्षांचा माणूस पुढं झाला. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. पहिल्या वर्षाची पोरं तुझ्याकडं बघत होती, त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. तू चालायला लागलास. मागं वळून बघत नव्हतास.

ओंकार उतरला. कुणी सांगितलं नाही. पिशवी घेऊन उतरला, तुझ्या मागं धावला आणि तुझ्या समोर जाऊन म्हणाला, "सर, तुमी बसा." एवढंच. मग तो घराकडं निघाला, गर्दीतून, पोशाखावरच. अध्यक्ष काहीतरी म्हणाले ते इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. तू परत आलास, जीपमध्ये बसलास. मी दशम्यांचं फडकं तुझ्या मांडीवर ठेवलं. तू माझ्याकडं बघितलंस, त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा.

नंतर मी ओंकारला विचारलं, का उतरलास. तो म्हणाला, "मामा खरंच गेला असता, आई. मग त्या पोरांना कोण बघणार होतं?"

तुम्ही पहिलाच सामना हरलात. फार वाईट हरलात. परत आलात तेव्हा स्टँडवर कुणी नव्हतं. तुला त्यांनी काढलं नाही, पण तो कायम करण्याचा कागद पुन्हा कधी निघाला नाही. तू त्याबद्दल एकदाही बोलला नाहीस, आणि मी कधी विचारलं नाही. ओंकार मात्र दुसऱ्या दिवशी पहाटे मैदानावर गेला. बाकीचेही गेले. सातातले सहा. दत्ता गेला नाही.

आता भाऊबीज. हे तुला आठवत असणारच. मी पाट मांडला होता, तू बसलास, ओवाळून झालं. ताट वाढलं. तू पहिला घास मोडायच्या आधी मी म्हणाले, "दत्ता उसाला गेला म्हणं."

तू म्हणालास, "हो."

"दरवर्षी आईबाप जायचे आणि तू त्याला ठेवून घ्यायचास. वसतिगृहात सोय करायचास. या वर्षी कावून गेला?"

"मी बोलावलं होतं त्याला. आला न्हाई."

"मैदानावर खेळायला न्हाई, नुसतं दुसऱ्यांसमोर उभं राहायला बोलावलंस. कशाला येईल? माझ्या पोराला दुकान हाय, शिवा. नोकरी न्हाई लागली तर उद्या गल्ल्यावर बसंल. तुझी शिक्षा त्याला एका वर्षाची झाली. दत्ताला ती जन्माची झाली. त्याच्याकडं तुझं मैदान सोडून दुसरं होतं काय? सातही जणांना सारखी शिक्षा म्हणून मिरवतोस, पण सारखी कुठं झाली ती?"

तू ऐकत होतास. तुझा चेहरा असा झाला होता, की मी थांबायला पाहिजे होतं, पण मी थांबणार नव्हते. खरं तेच मी बोलत होते. तू एवढंच म्हणालास, "मग काय, त्याला कमी करायला पाहिजे होती? गरीब हाय म्हणून? त्या बाईचा हात त्यानं कमी मोडला का?"

तू उठलास. ताट तसंच राहिलं. हे म्हणाले, "सणाच्या दिवशी कशाला काढलंस." मी म्हणाले, एरवी तो बसतो कुठं समोर.

त्यानंतर आपलं बोलणं बंद झालं नाही. तू यायचास. ह्यांच्या आईच्या गुडघ्याचं तेल आणून द्यायचास, सणाला जेवायचास, ओंकारशी सरावाचं बोलायचास. पण दत्ताचं नाव तू काढलं नाहीस आणि मीही काढलं नाही. मी वाट बघत होते. मला वाटायचं, एक दिवस हा दुकानात येईल, उभाच राहील, आणि म्हणेल काहीतरी. बरोबर म्हण, चूक म्हण. तू आलास, गेलास, कापडाचे भाव विचारलेस.

आणि मग त्या सकाळी सराव चालू असताना तू छाती धरून खाली बसलास. ओंकारनंच तुला उचलून गाडीत घातलं. अंबाजोगाईला पोचेपर्यंत तू राहिला नाहीस. हे मी पुन्हा लिहीत नाही, माझ्यानं होत नाही.

आपल्या रीतीप्रमाणं तुला समाधी दिली तेव्हा इतकी माणसं होती की मला जवळ जाता येईना. रेखा आली होती, खाकी अंगावर, फेऱ्यांच्या मधल्या वेळात. तिनं उजव्या हातानं विभूती वाहिली आणि कुणाशी न बोलता स्टँडकडं गेली. माती ओढून झाली, जंगम स्वामींचं झालं, लोक निघाले. तेव्हा दत्ता दिसला. तो धारूरच्या पुढच्या त्याच्या गावाहून आला होता, मिळेल त्या गाडीनं, आणि उशीर झाला म्हणून लांबच उभा होता. खांदे रुंद झालेत त्याचे, रंग काळवंडलाय. मला बघून तो पाया पडला.

घरी आणून मी त्याला ओसरीवर बसवलं. पाणी दिलं. तो म्हणाला, "अक्का, सर आलेते आमच्याकडं. कारखान्यावर."

मला कळेना. "कोणते सर?"

"आपले. दिवाळी झाल्यावर. मी उसाच्या फडात होतो. बघतो तर सर मोळी उचलाय लागलेले. मुकादम म्हणला, हे कोण रं? मी म्हणलं, आमचे सर. राहिले आमच्यात. पाचटाच्या कोपीत झोपले, आईनं केलेली भाकर खाल्ली."

शिवा, सुनीताला तू सांगितलं होतंस की पंचांचं शिबिर आहे. परत आलास तेव्हा तुझे हात सोललेले होते. तिनं मला ते सांगितलं होतं, मैदानाच्या कामात लागलं असेल म्हणून.

"मग?" मी विचारलं.

"मला म्हणाले, चल. मी न्हाई म्हणलं. लई राग होता माझ्या डोक्यात. मग म्हणाले, दत्ता, शिक्षा बरोबर होती का चूक, खरं सांग. मी म्हणलं, बरोबर होती, सर. मशीन पहिल्यांदा मीच वढलं होतं. तर म्हणाले, हां, बरोबर होती. ती मी मागं घेणार न्हाई. पण ती तुझ्यावर जास्त पडली. ओंकारच्या मागं घर होतं, तुझ्या मागं कुणी न्हवतं. शिक्षा देताना मी तुझ्या मागं उभं राहायला पाहिजे होतं, ते राहिलो न्हाई. मला ते दिसलंच न्हाई. माझ्या अक्कानं दाखवलं तवा दिसलं."

तो पाणी प्यायला. मी भिंतीला टेकले.

त्यानं पुढचंही सांगितलं. तू त्याचा परीक्षेचा अर्ज भरून घेतलास. होळीनंतर उसाचा पट्टा पडला, हंगाम संपला, ते सगळे गावी आले, तेव्हा तू दर रविवारी धारूरला जाऊन त्याला भरतीसाठी पळवायचास. परीक्षा तो पास झालाय. आता भरतीला उभा राहणार आहे, खेळाच्या कागदाशिवाय, सगळ्यांच्या रांगेत. ओंकारही राहणार आहे त्याच्याबरोबर, हे मला तेव्हाच कळलं. दोघांचं आधीच ठरलं होतं.

मग दत्ता म्हणाला, "तुमाला बोलले असतीलच की सर हे सगळं."

मी त्याच्याकडं बघितलं. त्याला खरंच तसं वाटत होतं. माझ्या नावानं बोललेला माणूस ते मला सांगितल्याशिवाय कसा राहील, असं कुणालाही वाटेल.

"हो," मी म्हणाले. "बोलला होता."

तेवढं एक मी तुझ्यासाठी खोटं बोलले. त्यानंतर रोज मी तुझ्याशी भांडते आहे. कपड्यांच्या घड्या घालताना भांडते, सुनीताजवळ बसले की मनातल्या मनात भांडते. इतके महिने तू माझ्या घरी येत होतास, माझ्या हातचा चहा पीत होतास. फडात अनोळखी मुकादमासमोर जे तुला बोलता आलं, ते माझ्यासमोर का आलं नाही? तुझी चूक कबूल करायला तू पटकन हात वर करणारा माणूस. मलाच तेवढं का सांगितलं नाहीस?

मी खूप विचार केला. मला वाटतं, तू माझी वाट बघत होतास. मी तुझी बघत होते तशीच. रेखाच्या घरून आल्यापासून मला जे कळलेलं होतं, ते मी तुला कधी म्हणाले नव्हते. तू आधी बोल, मग मी बोलेन, असं मी धरून बसले होते, आणि तूही माझाच भाऊ. ओंकारनं तो शब्द उच्चारला त्या दिवसापासून त्यानं दारूला हात लावलेला नाही. दुकानात बाई आली की तो मान वर करून नीट बोलतो. तुझ्याशी भांडत होते तेव्हाही मी हे बघत होते.

दत्ताच्या बाबतीत माझं खरं होतं. ते तू मान्य केलंस, दुसऱ्याजवळ का होईना, पण केलंस. आता माझं ऐक. त्या पोरांना तू दिलेली शिक्षा बरोबर होती, शिवा.

तुझी,
अक्का